चांदी, सोनं, मोती, पितळ: चकाकी हवी, झीज नको (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गौरी-गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी एकाच धर्तीचे प्रश्न हमखास येतात. देव काळे पडलेत, समई चिकट झाली आहे, आईची नथ मंद दिसते, काय लावू? यातल्या बहुतेकांना हवा असतो एखादा जोरदार उपाय, आणि नेमकं तेच आम्ही सांगत नाही. घरातल्या नाजूक वस्तू काळाने जेवढ्या झिजतात, त्याहून जास्त सणाच्या आदल्या दिवशीच्या घासण्याने झिजतात. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसरीकडे जाता येईल.

1. चांदी काळी पडते म्हणजे नेमकं काय होतं? तो मळ असतो का?

नाही. हवेत गंधकाची संयुगं अगदी थोड्या प्रमाणात असतात. चांदीचा पृष्ठभाग त्यांच्याशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. हा थर पातळ असताना पिवळट दिसतो, मग तांबूस-जांभळट झाक येते आणि जाड झाला की काळा दिसतो. ताम्हणाच्या काठाशी हे सगळे रंग एकाशेजारी एक बघायला मिळतात.

महत्त्वाची गोष्ट अशी, की या काळ्या थराच्या वजनात सुमारे 87 टक्के चांदीच असते. म्हणजे फडक्यावर जो काळा डाग उतरतो, ती तुमच्या देवाचीच चांदी. मळ म्हणजे तेल, काजळी, कुंकू, धूळ, हाताचा घाम. तो बाहेरून येऊन बसतो आणि धुतला की जातो. काळेपणाचं तसं नाही.

2. मग अजिबात झीज न होता चांदी साफ करता येते का?

मळ काढताना झीज शून्यावर ठेवता येते. काळेपणा काढताना दोन वाटा आहेत. एक, थर घासून किंवा विरघळवून काढायचा. यात त्या थरातली चांदी जातेच. दुसरी, थरातलं गंधक काढून घ्यायचं आणि चांदी जागेवर ठेवायची. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची कृती (प्रश्न 6) या दुसऱ्या प्रकारची आहे, पण ती सगळ्या वस्तूंना चालत नाही (प्रश्न 7).

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी साबणाचं पाणी, मग कोरडं मऊ कापड, आणि एवढ्याने भागलं नाही तरच पुढचं. निम्म्याहून जास्त वेळा ‘काळे पडलेत’ म्हणून दाखवलेले देव नुसते तेल-काजळीने माखलेले असतात.

3. रोजच्या पूजेतल्या चांदीच्या देवांना काय वापरावं?

कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब. भांड्यात तळाला जुनं फडकं अंथरा, म्हणजे देव हातातून निसटला तरी आपटत नाही. खाचाखोचांसाठी दाढीचा जुना ब्रश उत्तम. केस मऊ असतात आणि साबण खेळता राहतो. टूथब्रश वापरायचाच तर अगदी मऊ, आणि दाब न देता.

पंचामृताच्या अभिषेकानंतर देव तासन् तास तसेच ठेवू नका. दही आंबट असतं, मध-साखर खाचेत सुकून बसते आणि मग ते टोकदार वस्तूने खरवडायचा मोह होतो. लगेच धुतलं तर नुसत्या पाण्यानेही निघतं.

धुतल्यावर ताबडतोब टिपून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा मारा.

4. टूथपेस्टने चांदी छान निघते. आमच्याकडे आजीपासून चालत आलंय. त्यात काय वाईट?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त वाद याच्यावरच होतो.

टूथपेस्ट दातासाठी बनवलेली असते. कठीणपणाच्या मोहस् मापनात दाताचं आवरण 5 वर येतं. चांदी येते अडीच ते तीनच्या दरम्यान, म्हणजे साधारण तुमच्या नखाइतकी मऊ. पेस्टमधले सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे कण दातावर चालतील असे बेतलेले असतात, चांदीसाठी नव्हे. ‘छान निघते’ हे खरंच आहे, कारण काळ्या थराबरोबर खालची चांदीही निघते.

विश्वास बसत नसेल तर पेस्टने घासलेली वाटी खिडकीत तिरपी धरा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसेल. या रेघा पुढे आणखी त्रास देतात: त्यांत ओल आणि मळ धरतो आणि घासायची वेळ वारंवार येते.

आजीच्या काळात दातांना लावायची पांढरी पावडर वापरत. तीही घासणारीच, आणि देव सणासुदीलाच घासले जात. आता दर शनिवारी घासले जातात.

खडूची पावडरच हवी असेल तर औषधी दर्जाचं अतिबारीक, प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट मिळतं. ते पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवून, कापसाच्या बोळ्याने, हलक्या हाताने फिरवायचं. संग्रहालयांतले संवर्धक जिद्दी डागांवर हेच वापरतात. फळ्यावर लिहायचा खडू कुटून चालणार नाही. त्यात खरखरीत कण असू शकतात.

5. राख, रांगोळी, विटकरीचा चुरा, पितांबरी यांपैकी चांदीला काय चालेल?

यांतलं काहीच नाही. राखेत वाळूच्या जातीचे कण असतात, रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा आणि विटकरीबद्दल तर बोलायलाच नको. पितांबरीची नेहमीची पावडर तांब्या-पितळेसाठी आहे. ती चांदीला लावू नका. भांडी घासायचा हिरवा स्क्रबरही बाजूला ठेवा, त्याच्या धाग्यांवर घासणारे खनिज कण चिकटवलेले असतात. तारेची घासणी देवघराच्या आसपास नको.

6. फॉइल आणि खाण्याच्या सोड्याची कृती नीट सांगाल का?

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर. (चकचकीत बाजूने फार फरक पडतो असं नाही, पण हे विचारणारे इतके आहेत की लिहून टाकलं.) लिटरभर चांगलं गरम पाणी ओता, दोन-तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा मिसळा आणि साबणाने आधी धुतलेली चांदी अशी ठेवा की ती फॉइलला टेकेल. टेकणं गरजेचं आहे. अधांतरी लटकली तर काम होत नाही. थोड्याच वेळात सडक्या अंड्यासारखा वास येईल. चांदीला चिकटलेलं गंधक बाहेर पडतंय, त्याचा हा वास. खिडकी उघडी ठेवा.

ॲल्युमिनियम इथे स्वतः खर्ची पडतं आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातू होऊन जागेवर बसते. ही परतलेली चांदी थोडी सच्छिद्र असते, त्यामुळे वस्तू पांढरट आणि मंद दिसते. चकाकी नाही आली म्हणून पुन्हा पुन्हा बुडवू नका. बाहेर काढून धुवा, टिपा आणि मऊ कापड हलकेच फिरवा.

इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींत मीठही घालायला सांगतात. आम्ही घालत नाही. मीठ आणि चांदीचं बरं नाही. म्हणून तर चांदीच्या मीठदाणीत आतून काचेची वाटी बसवलेली असते.

7. ही कृती कुठल्या वस्तूंना करू नये?

यादी मोठी आहे, आणि गडबड इथेच होते.

पोकळ देव: बऱ्याच चांदीच्या मूर्ती पातळ पत्र्याच्या असून आत लाख किंवा राळ भरलेली असते. हातात घेतल्यावर चांदीच्या मानाने हलकी लागते आणि तळाशी तपकिरी भरण दिसतं. लाख साधारण 60-70 अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. गरम पाण्यात टाकली की भरण सैल होतं, पत्र्याला पोचा पडतो.

लाकडावर चांदीचा पत्रा मढवलेले पाट, चौरंग, देव्हारे: सांध्यांतून पाणी आत गेलं की लाकूड फुगतं आणि खिळे गंजतात. यांना ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, एवढंच.

खडे, मोती, मीना किंवा कुंदन असलेलं काहीही. मुद्दाम काळं केलेलं नक्षीकाम (प्रश्न 19). आणि ज्यांच्या खाचेतला काळेपणा तुम्हाला आवडतो अशा जुन्या वस्तू. ही कृती खाच आणि उंचवटा असा भेद करत नाही. सगळं सरसकट पांढरं करते, आणि मग देवाचे डोळे-ओठ हरवल्यासारखे दिसतात.

8. बाजारात चांदी बुडवायचं लिक्विड मिळतं. ते चटकन काम करतं, घासावंही लागत नाही. मग ते सुरक्षित ना?

घासावं लागत नाही हे खरं. पण अशा द्रावणांत बहुधा अम्ल आणि थायोयुरिया असतं. ते सल्फाइड विरघळवतं आणि त्यातली चांदी बाटलीत घेऊन जातं. शिवाय 92.5 टक्के चांदीच्या वस्तूत उरलेला भाग सहसा तांब्याचा असतो. अम्लात जास्त वेळ राहिल्यास पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि चांदी निस्तेज होते. अडीनडीला वापरायचंच असेल तर वस्तू त्यात बुडवून ठेवण्यापेक्षा कापसाने लावा, काही सेकंदांत भरपूर पाण्याने धुवा. मोत्याजवळ बाटली नेऊसुद्धा नका.

9. कुठलं कापड वापरू?

जुनं, खूप धुतलेलं मलमल किंवा सुती धोतर. नवं कापड नको, त्यात खळ असते. टिश्यू पेपर आणि वर्तमानपत्र नको. मायक्रोफायबर चालतं, पण धूळ धुऊन काढल्यानंतरच. घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू मोहस् मापनात 7 वर. धूळ बसलेली वस्तू कोरड्या कापडाने पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं.

सराफाकडे चांदीसाठी खास पॉलिशचं कापड मिळतं. ते चांगलं असतं, पण त्यातही सौम्य घासणारा पदार्थ असतो, त्यामुळे वर्षात एक-दोनदाच. ते धुवायचं नाही. हात सरळ रेषेत फिरवा. गोल गोल फिरवलं की वलयं उमटतात आणि उजेडात ती लगेच दिसतात.

10. आमचे देव दोन आठवड्यांत काळे पडतात, जावेकडचे सहा महिने राहतात. चांदी भेसळीची आहे का?

असेलच असं नाही. देवघर कुठे आहे ते आधी बघा. फ्लॅटमध्ये देव्हारा बऱ्याचदा स्वयंपाकघरात असतो. कांदा, लसूण, अंडी आणि हिंग या सगळ्यांच्या वासात गंधकाची संयुगं असतात. हिंगाच्या डबीशेजारच्या कप्प्यात निरांजन ठेवणारी घरं कमी नाहीत. त्यात पावसाळी ओल आली की काम आणखी वेगाने होतं. कोकणात आणि मुंबईत हा फरक स्पष्ट जाणवतो. देव्हाऱ्याला दार असेल तर फोडणीच्या वेळी लावून घ्या.

11. वापरात नसलेली चांदी कशी ठेवावी?

पूर्ण कोरडी करून, मलमलमध्ये गुंडाळून, झिपच्या पिशवीत हवा काढून. आत सिलिका जेलची पुडी. खडूचा तुकडा ठेवतात, तो ओल थोडी शोषतो, नुकसान करत नाही. रबरबँड कधीच लावू नका. रबरात गंधक असतं आणि जिथे तो टेकतो तिथे काळी रेघ अशी उमटते की ती घासूनही सहज जात नाही. लोकरीचं कापडही नको, कारण तेच. जाड, वास येणारं पीव्हीसी प्लॅस्टिक टाळा.

12. सोन्याचे दागिने घरी कसे धुवावेत?

सोनं स्वतः काळं पडत नाही, त्यामुळे इथे फक्त मळ काढायचा असतो. रिठा हा जुना उपाय आजही चांगला: चार-पाच रिठे फोडून पाण्यात उकळा, पाणी कोमट होऊ द्या, गाळा, दागिना थोडा वेळ भिजवून मऊ ब्रशने हलकेच फिरवा. रिठा नसेल तर सौम्य साबण. सिंकमध्ये धुऊ नका. भांड्यात धुवा आणि पाणी फेकण्याआधी तळ बघा.

अपवाद लक्षात ठेवा. बोरमाळ आणि कोल्हापुरी साज यांच्या पोकळ भागांत लाख भरलेली असते, म्हणून ते भिजवायचे नाहीत, नुसते ओलसर कापडाने पुसायचे. दोऱ्यात ओवलेलं मंगळसूत्र भिजलं तर दोरा आतून कुजतो. पाचू, पोवळं, मोती असेल तर सोनाराच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नका. पाचूतल्या चिरा बऱ्याचदा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल निघून जातं.

13. सोनाराकडे पॉलिशला दिलं तर वजन घटतं का? आणि दारावर येणारे पॉलिशवाले?

चाकावरच्या पॉलिशमध्ये थोडी घट होतेच. अतिबारीक थर निघतो म्हणूनच चरे दिसेनासे होतात. ती किती, हे तुमच्यासमोर काट्यावर कळायला हवं. देताना आणि घेताना वजन मिलिग्रॅमपर्यंत पावतीवर लिहून घ्या. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कुठे आहे ते दाखवून ‘इथे चाक लावू नका’ असं सांगा. हे शिक्के उथळ असतात आणि दोन-तीन पॉलिशमध्ये पुसट होतात. धुऊन भागत असेल तर पॉलिश मागूच नका. सोनाराला ‘फक्त धुऊन द्या’ म्हणा, त्याला कळतं.

दारावर येणाऱ्याला दागिना दाखवूसुद्धा नका. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण, म्हणजे अम्लराज, सोनं विरघळवतं. दागिना त्यात बुडवून काढला की लखलखीत दिसतो, पण वजन भांड्यात उरतं. या युक्तीबद्दल पोलीस अनेक वर्षं सावध करत आलेत, तरी दुपारच्या वेळी एकट्या असलेल्या आजीबाई फसतातच.

14. एक ग्रॅमचे दागिने काळे पडले. कशाने उजळतील?

उजळणार नाहीत. वरचा सोन्याचा मुलामा बऱ्याचदा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो; माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. जिथे काळं दिसतंय तिथे मुलामा संपलाय आणि खालचा धातू बोलतोय. घासाल तेवढा काळा भाग वाढेल. वापरून झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने घाम टिपा, अत्तर आधी आणि दागिना नंतर, आणि पुन्हा पाणी चढवून मिळतं का ते विचारा. जुन्या चांदीच्या मुलाम्याच्या मूर्तीलाही हेच लागू: नाकावर, गुडघ्यावर पिवळं-तांबूस दिसायला लागलं की थांबा.

15. नथीचे मोती पिवळट दिसतात. लिंबू किंवा व्हिनेगर लावू का?

मुळीच नाही. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि त्याला बांधून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य. लिंबात ते अक्षरशः विरघळतं. चकाकी ज्या पातळ थरांतून येते ते थर एकदा गेले की गेले; मोत्याला पॉलिश करून ते परत आणता येत नाहीत.

मलमलचा कोपरा पाण्यात बुडवून पिळा, एकेक मोती सावकाश पुसा, मग नथ सपाट कापडावर सावलीत वाळू द्या. नथीत मोती तारेत ओवलेले असतात. तार आणि मोत्याच्या भोकाच्या सांध्यात मेकअपची पावडर साचते. ती ओलसर कुंचल्याने उचला, सुईने उकरू नका. वयोमानाने आलेला पिवळेपणा आतला असतो. जुन्या बसरा मोत्यांचा तो रंग तसाच ठेवावा, आणि खरं सांगायचं तर तो छानच दिसतो.

16. समई आणि पितळी भांडी चिंचेने घासली तर मध्येच गुलाबी डाग पडले. का?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, लिंबू, आमसूल यांचं अम्ल काळपट थर विरघळवतं इथपर्यंत ठीक, पण जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागातलं जस्तही काढून घेतं आणि तांबं मागे उरतं. तोच गुलाबी रंग. चिंच लावून आंघोळीला जाणं हे याचं नेहमीचं कारण. अम्ल लावा, मिनिटभरात धुवा, आणि शेवटी साबणाने धुऊन खाचेत अम्ल उरू देऊ नका. गुलाबी डाग हलका असेल तर पितळेच्या सौम्य पॉलिशने कमी होतो. म्हणजे तिथे थोडी झीज पत्करावी लागते.

समईचा चिकटपणा हे वेगळं प्रकरण. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल हवेत सुकून राळेसारखा थर धरतं; चिंचेने तो हलत नाही. गरम साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं समईच्या पेल्याभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग लाकडी काडीला कापड गुंडाळून सरकवा. ताज्या तेलावर कोरडं बेसन टाकून पुसलं की तेवढंच पुरतं.

17. कल्हईची भांडी आतून कशी साफ करावीत?

स्पंज, साबण, आणि करपलं असेल तर रात्रभर पाणी घालून ठेवणं. कल्हई म्हणजे कथिल, मोहस् मापनात दीड, चांदीपेक्षाही मऊ. कल्हईवाला नवसागर टाकून वितळलेलं कथिल पातळ पसरवतो, तो थर घासणीसाठी नसतो. रिकामं भांडं गॅसवर ठेवू नका, कथिल 232 अंशांना वितळतं. कल्हई काळपट झाली तरी चालते. आत तांबं दिसू लागलं की पुन्हा लावून घ्यायची.

18. नवीन पितळी मूर्तीवर ठिगळांसारखे डाग आलेत. घासल्यावर वाढले.

त्यावर दुकानातूनच पारदर्शक लॅकर मारलेला असतो. घासल्याने तो जिथे फाटला तिथे हवा शिरली. आता दोनच पर्याय: लॅकर पूर्ण काढून घेणं किंवा आहे तसं ठेवणं. तुकड्या-तुकड्याने घासणं हा तिसरा पर्याय नाही. लॅकर शाबूत असेल तर ओलसर फडकं पुरतं, पॉलिश कधीच नको.

19. ऑक्सिडाइज्ड दागिने आणि बिदरी वस्तूंचं काय?

यांतला काळा रंग कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. ऑक्सिडाइज्ड चांदीत तो प्रश्न 1 मधलाच सल्फाइड असतो, म्हणून फॉइल-सोडा आणि बुडवायचं लिक्विड दोन्ही बाद. उंचवट्यांवरून नुसतं कोरडं कापड. बिदरीत जस्ताच्या मिश्रधातूवर काळा थर आणि त्यात चांदीची नक्षी असते. तिला कापडाला लावलेला तेलाचा एखादा थेंब पुरे.

20. जुन्या शिवराया सापडल्या आहेत. चमकवून फ्रेम करायच्या आहेत.

चमकवू नका. शिवराई तांब्याची, तिच्यावरचा तपकिरी थर तिचं वय सांगतो आणि अक्षरांना आधार देतो. चिंचेत टाकल्यावर तांबं लालभडक निघेल, पण आधीच झिजलेली अक्षरं आणखी उथळ होतील आणि नाणी जमवणारा कोणी ती हातात धरणार नाही. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ कुंचला फिरवा, पूर्ण वाळवा. नाणं कडेने धरा.

21. पितळ-तांब्यावर हिरवं दिसतं. ते काढायचं की ठेवायचं?

घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर ठेवा. फिकट हिरवी, पिठासारखी पूड असेल आणि बोटाला लागत असेल तर काळजी करा. क्षारांमुळे, म्हणजे मीठ, घाम किंवा खाऱ्या हवेमुळे, ती आतून धातू खात असते आणि ओलाव्यात वाढत जाते. अशी वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. मौल्यवान किंवा जुनी मूर्ती असेल तर संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे.

22. संगमरवरी देव्हाऱ्यावर हळदीकुंकवाचे डाग पडलेत. लिंबाने जातील?

डाग जाईल की नाही सांगता येत नाही, पण पॉलिश नक्की जाईल. संगमरवर आणि मोती एकाच पदार्थाचे (प्रश्न 15). लिंबू जिथे सांडतं तिथे खरखरीत, मंद डाग उरतो, आणि तो भरून काढायला दगड घासूनच खाली आणावा लागतो. साबण-पाण्याने पुसा. उरलेल्या हळदीसाठी ऊन द्या. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो. कुंकवात हल्ली कृत्रिम रंग असतो आणि तो दगडात झिरपतो, म्हणून खाली छोटी ताटली ठेवणं सगळ्यात सोपं.

23. काचेतल्या जुन्या तसबिरी?

कापड बाहेर ओलसर करा आणि मग काच पुसा. काचेवर थेट फवारू नका, पाणी फ्रेमच्या कडेने आत जातं आणि कागदाला डाग पडतो. राजा रविवर्मांच्या छापखान्यातली (तो 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला) जुनी छपाई घरात असेल तर चित्राला हात न लावणंच योग्य. कधी कधी चित्र काचेला चिकटलेलं असतं आणि ओढलं की रंग काचेवर राहतो.

24. पैठणीची जर काळवंडली आहे.

जरीला कुठलंही पॉलिश लावू नका. खाली रेशीम आहे, वर धातूचा पातळ पत्रा किंवा मुलामा आहे. घासलं की दोन्ही जातात. मलमलमध्ये ठेवा, घड्या अधूनमधून बदला, अत्तर थेट मारू नका.

25. आम्ही अमेरिकेत असतो. चांदीची ताटं-वाट्या डिशवॉशरमध्ये चालतील?

नको. डिशवॉशरची पावडर तीव्र असते, पाणी फार गरम असतं, आणि स्टीलच्या चमच्यांना चांदी टेकली की त्या ओल्या उष्णतेत डाग पडतात. सणाचं जेवण झाल्यावर हाताने धुवायला वीस मिनिटं लागतात, तेवढी द्या.

26. पिढ्यान् पिढ्यांच्या देवाचे नाक-डोळे झिजून गेलेत. पुन्हा कोरून घ्यावेत का?

हा प्रश्न भावनेचा आहे, तसाच धातूचाही. कोरायचं म्हणजे उरलेल्यातून आणखी काढायचं. मूर्ती भरीव असेल आणि घरातल्यांची संमती असेल तर चांगला कारागीर एखाद्-दुसरी रेघ ठळक करू शकतो. पोकळ असेल तर छिन्नीने पत्रा फाटण्याचा धोका आहे. वर चांदी चढवून घेतली तर चकाकी येते, पण बारीक रेघा आणखी बुजतात.

काही घरांत वेगळी वाट काढली आहे: जुना देव स्नानाशिवाय नुसत्या गंध-फुलाने पूजतात आणि अभिषेक दुसऱ्या लहान मूर्तीवर किंवा सुपारीवर करतात. देवळांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूळ मूर्तीची झीज थांबवण्यासाठी 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून रासायनिक संवर्धन करून घ्यावं लागलं. तिथे अभिषेक उत्सवमूर्तीवर होतो.

कारागिराकडे द्यायचीच ठरली तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा, वजन लिहून घ्या, आणि काय करायचं नाही हे काय करायचं याच्या आधी सांगा. ‘जरा चकचकीत करून द्या’ एवढंच म्हणालात तर मूर्ती सरळ चाकावर जाते.